बाहेर जन्मलेल्या लेकरांचा सवाल

३१ जानेवारी २०२१. पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात भांबोरा नावाचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्याच्या हद्दीतल्या कापसी-कोपरी गावात आया आपापली लेकरं कडेवर मारून बूथवर गेल्या. सगळी पाच वर्षांच्या आतली. लेकरांनी चिमणीच्या पिलांसारखी तोंडं उघडली. आणि त्यातल्या बारा लेकरांच्या तोंडात जे थेंब पडले ते पोलिओच्या लशीचे नव्हते. हाताला चोळायच्या सॅनिटायझरचे होते.

ओकारी सुरू झाली तेव्हा बोंब झाली. बाराही लेकरं यवतमाळला, वसंतराव नाईकांच्या नावाच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखल केली. नशीब म्हणा की तिथल्या लोकांची मेहनत म्हणा, बाराही वाचली. आम्हांला आनंद आहे. पण या आनंदावर आम्ही झोपी जाणार नाही. सॅनिटायझर म्हणजे निम्म्याहून जास्त अल्कोहोल. एवढ्याशा जिवाच्या रक्तातली साखर ते झपाट्यानं उतरवतं, गुंगी आणतं, श्वास मंद करतं. थेंबाच्या जागी दोन घोट गेले असते तर त्या रात्री बारा लेकरांना बारा खाटा, बारा मॉनिटर, श्वासाची यंत्रं आणि ती चालवणारी जागती माणसं लागली असती. ती एका वेळी, एका रात्री मिळाली असती काय? हा आमचा सवाल आहे. आणि हा सवाल त्या दिवशी कोणीच विचारला नाही.

विचारलं काय, तर चूक कोणाची. लगेच उत्तर तयार. डॉक्टर, अंगणवाडीची बाई, आशा. कारवाई झाली. फाईल बंद. चूक होतीच, ती आम्ही झाकत नाही. लेकराच्या तोंडात काय ओततो ते बघायला डोळे लागतात. पण आम्हांला या देशातल्या न्यायाची एक खोड ठाऊक आहे. लेकरू मरणाच्या दारात गेलं की न्याय शिडी उतरत उतरत खाली येतो आणि सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या बाईच्या झिंज्या धरतो. वर चढताना त्याचे गुडघे दुखतात.

म्हणून या अंकात आम्ही आयसीयूवर लिहितोय. लहान पोरांच्या आयसीयूवर. तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? अत्याचार, नोकऱ्या, जमिनी, वस्त्या सोडून हे डॉक्टरांचं काम आपण कशाला उरावर घ्यायचं? वाचा तर खरं.

हा अतिदक्षता कक्ष म्हणजे काय, तो आला कुठून, हे आधी समजून घेऊ. पांढरपेशांनी आपल्याला असं पटवून ठेवलंय की आयसीयू म्हणजे कोट्यवधींची यंत्रं, काचेची दारं, आत जायला बंदी. थंड हवा आणि गरम बिल. खोटं आहे. आयसीयू यंत्रांतून जन्मला नाही. तो हातांतून जन्मला. आणि गंमत बघा, तो जन्मला पोलिओतूनच.

१९५२ साल. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. पोलिओची भयानक साथ. रोज पोरं येत होती, छातीचे स्नायू लुळे पडलेली, श्वास घेता न येणारी. श्वास देणारी लोखंडी पेटी शहराच्या त्या साथरोग इस्पितळात अख्खी एक. असल्या रोग्यांतले शंभरातले ऐंशीच्या वर मरत होते. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूल देणाऱ्या डॉक्टरनं बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला भोक पाडून नळी घालायला लावली, नळीला रबरी पिशवी जोडली आणि ती पिशवी हातानं दाबत तिला जगवलं. पोरगी जगली. मग प्रश्न आला, इतक्या पोरांना चोवीस तास पिशव्या दाबणार कोण? उत्तर मिळालं, विद्यार्थी. मेडिकलची सुमारे दीड हजार पोरंपोरी पाळ्या लावून खाटांशेजारी बसली. दिवसरात्र. महिनोन्‌महिने. त्या कामाचे त्यांना पैसे मिळाले. मरणाचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, शेजारच्या स्वीडनमध्ये गोटेबर्गला खास लहान मुलांसाठीचा पहिला अतिदक्षता कक्ष उघडला. व्हेंटिलेटर नावाचं यंत्र घरोघर पोचल्यासारखं इस्पितळोइस्पितळी पोचलं ते त्यानंतर.

दोस्तहो, यातलं सार डोक्यात पक्कं करा. अतिदक्षता म्हणजे एका लेकराकडे एका माणसानं टक लावून बघत बसणं. यंत्र ही त्या माणसाची मदत. माणूस काढून घेतला तर यंत्र म्हणजे दिवे लागलेलं भंगार.

आता आपल्याकडे या.

आमच्यातल्या एकानं गेल्या पावसाळ्यात विदर्भातल्या एका सरकारी दवाखान्यात रात्र काढली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण ते एकट्याचं दुखणं नाही. वस्तीतल्या ओळखीच्या बाईचं अडीच वर्षांचं पोरगं. निमोनिया. छाती आत ओढत होतं, ओठ निळे. खेड्यातनं तालुक्याला, तालुक्यानं रेफर केलं, जिल्ह्याला आलं तेव्हा रात्रीचे अकरा. नळी टाकली. व्हेंटिलेटर? आहेत ते भरलेत. डॉक्टर तरणाच होता, डोळे सुजलेले, छत्तीस तासांची ड्युटी. त्यानं पोराच्या तोंडच्या नळीला पिशवी लावली, ॲम्बू म्हणतात तिला, आणि बापाच्या हातात दिली. असं दाबायचं. जास्त नाही, कमी नाही. थांबायचं नाही. बाप बिगारी कामगार. सिमेंटनं फुटलेले हात. त्यानं दाबायला सुरुवात केली. मिनिटाला वीस-पंचवीस वेळा. तासाला बाराशेच्या वर. दोन वाजता त्याचे हात गळाले, मग आमच्या माणसानं घेतली. पोराची माय पायाशी बसून होती. ती एकच म्हणत होती, "दादा, थांबू नका जी. तुमी थांबले का ते थांबते."

पहाटे एक यंत्र मोकळं झालं. का मोकळं झालं ते तुम्हांला सांगायला नको. एक लेकरू गेलं म्हणून दुसऱ्याला जागा. आपलं जगलं म्हणून आनंद मानायचा की शेजारच्या खाटेवरच्या मायचा हंबरडा ऐकायचा? ही असली निवड ज्या व्यवस्थेत एका बिगाऱ्याच्या कपाळी येते तिला आरोग्यव्यवस्था म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

कोपनहेगनला १९५२ साली यंत्र नव्हतं म्हणून विद्यार्थ्यांनी पिशव्या दाबल्या. त्यांना शिकवलं, पाळ्या दिल्या, पैसे दिले. आपल्याकडे सत्तर वर्षांनी यंत्रं आहेत आणि बाप पिशवी दाबतोय. फुकट, न शिकता, आणि पोर मेलं तर आपलाच हात चुकला या पापाचं ओझं घेऊन जन्मभर जगायला.

कोणी म्हणेल, हे अपवाद. मग नकाशा घ्या. यवतमाळ जिल्ह्याचे सोळा तालुके. झरी-जामणी तेलंगणाच्या कडेला, यवतमाळपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. मारेगाव, झरी, केळापूर, घाटंजी, राळेगाव भागात कोलामांचे पोड. कोलाम म्हणजे सरकारच्याच भाषेत विशेष असुरक्षित आदिवासी जमात. पोडावरनं डांबरी रस्त्याला यायलाच पावसाळ्यात घाम फुटतो. दुसऱ्या टोकाला उमरखेड. तिथल्या माणसाला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ, म्हणून तो नांदेडला धावतो. आणि यवतमाळनं हात टेकले तर नागपूर, दीडशे किलोमीटर. नागपूरवर तर सगळ्यांचाच भार. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं विषारी कफ सिरपनं किडन्या बंद पडून नागपूरलाच आणली गेली आणि त्यातली कित्येक तिथेच गेली. अख्ख्या मुलखाचं जगणं-मरणं एका शहराच्या काही खाटांवर टांगलेलं.

कागदावर शिडी झकास आहे. आरोग्य केंद्रात नवजात बाळाचा कोपरा. तालुक्याच्या-उपजिल्ह्याच्या दवाखान्यात बाळांची छोटी खोली. जिल्ह्याला एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास कक्ष. पण ही शिडी पहिल्या अठ्ठावीस दिवसांसाठी. एकोणतिसाव्या दिवशी लेकरू आजारी पडलं तर? अडीच वर्षांच्या पोराला साप चावला, विंचू चावला, झटके आले, फवारणीचं औषध पोटात गेलं, तर? त्याला लागतो पीआयसीयू, मोठ्या लेकरांचा अतिदक्षता कक्ष, आणि तिथे शिडीच्या पायऱ्या एकदम विरळ होतात. कोरोनाची तिसरी लाट पोरांवर येणार म्हणून २०२१ च्या जुलैत दिल्ली सरकारनं २३,१२३ कोटींचं पॅकेज काढलं, त्यात देशातल्या सगळ्या ७३६ जिल्ह्यांत बालकांचे कक्ष उभारायचं ठरवलं. ठीक. स्वागत. पण पॅकेजमधनं खाट येते, मॉनिटर येतो, पाइप येतो. कायमची नर्स पॅकेजमधनं येत नाही. व्हेंटिलेटरवरच्या लेकराला एक नर्स, हा अतिदक्षतेचा साधा हिशोब. आपल्याकडे एक नर्स आणि तिच्यासमोर रडणाऱ्या खाटांची रांग. तीही कंत्राटावर. अकरा महिन्यांचा करार असलेल्या बाईच्या हाती एका रात्रीत आठ जीव. यंत्रावर उद्घाटनाची पाटी लागते. नर्सच्या पदावर कोणी पाटी लावत नाही, म्हणून ते पद रिकामं राहतं.

आता भंडाऱ्याकडे चला. ९ जानेवारी २०२१, कापसी-कोपरीच्या बावीस दिवस आधी. रात्री दोनच्या सुमारास भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या याच एसएनसीयूत आग लागली. सतरा बाळं होती. सात वाचली. दहा गेली. तीन भाजून, सात धुरात गुदमरून. ज्या खोलीत श्वास द्यायला आणलं, तिथेच श्वास कोंडून मारलं.

त्या कक्षाला दोन खोल्या होत्या. एकीचं नाव इनबॉर्न, दुसरीचं आउटबॉर्न. त्याच दवाखान्यात जन्मलेली बाळं आत, इनबॉर्न. बाहेर जन्मून आणलेली बाळं आउटबॉर्न. वाचलेली सात इनबॉर्नची. मेलेली दहा आउटबॉर्नची.

घाई करू नका. आम्हीही हे वाचून ताडकन उठलो होतो. पण खोटं लिहायचं नाही. ही वाटणी जातीची नाही, जंतूंची आहे. बाहेरनं आलेल्या बाळाबरोबर बाहेरचा संसर्ग येतो म्हणून जगभर ती वेगळी ठेवतात. शास्त्राला धरून आहे. आम्ही शास्त्राला शिव्या देणार नाही, बाबासाहेबांची पोरं आहोत. पण बाहेर जन्मतं कोण? घरी, पोडावर, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या कोपीत, गाडीत बाळंत होते कोण? लांबून रेफर होऊन येतं कोण? ज्यांना गावानं गावकुसाबाहेर ठेवलं, विकासानं डांबरी सडकेबाहेर ठेवलं, त्यांचीच लेकरं जास्त करून त्या दुसऱ्या खोलीत येतात. जातीला दवाखान्याच्या दारावर पाटी लावावी लागत नाही. ती रस्त्यातच आपलं काम उरकून घेते.

भंडाऱ्यात पुढे काय झालं? दर बाळामागे पाच लाख जाहीर. चौकशी. सिव्हिल सर्जन निलंबित. आणि कंत्राटी नर्सना घरचा रस्ता. इमारतीला आगीची तपासणी नव्हती, धूर निघायला वाट नव्हती, ती वर्षानुवर्षं नव्हती. त्या वर्षानुवर्षांना कोणी निलंबित केलं नाही.

नांदेड बघा. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३. शंकरराव चव्हाणांच्या नावाच्या सरकारी मेडिकल कॉलेजात चोवीस तासांत चोवीस मृत्यू. त्यात बारा नवजात. चोवीस खाटांच्या कक्षात साठाच्या वर बाळं कोंबलेली. मुंबई हायकोर्टानं आपणहून दखल घेतली. आणि आमच्या लोकप्रतिनिधींनी काय केलं? हिंगोलीचे तेव्हाचे खासदार दवाखान्यात गेले, ज्यांच्या मतदारसंघात यवतमाळ जिल्ह्यातलं आपलं उमरखेडही येतं, आणि त्यांनी कॅमेऱ्यांसमोर डीनच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. डीन आदिवासी समाजातले. पुढे ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला.

आम्ही डीनची वकिली करत नाही. संडास तुंबलेले असतील तर तो डीनचाही दोष. पण बघा, बारा नवजात बाळं मेल्यावर या व्यवस्थेला सुचतं काय? खाटा वाढवणं नाही. पदं भरणं नाही. औषधखरेदी का रखडली ते विचारणं नाही. सुचतो तो झाडू. मडकं गेलं असेल, झाडू अजून यांच्या डोक्यातच आहे. एमबीबीएस व्हा, एमडी व्हा, डीन व्हा. वेळ आली की हातात झाडू देणारच. मात्र झाडूनं लेकरू जगत नाही. लेकरू जगतं नर्सनं, ऑक्सिजननं आणि वेळेवर आलेल्या गाडीनं.

काही शहाणे म्हणतील, गरीब देश आहे, पैसा कुठून आणायचा? याला उत्तर आम्ही द्यायची गरज नाही. सुप्रीम कोर्टानं १९९६ सालीच देऊन ठेवलंय. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतनं पडून डोकं फुटलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं होतं. त्याच्या मजूर संघटनेनं खटला लढवला. कोर्ट म्हणालं, तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या एकविसाव्या कलमातला जगण्याचा हक्क मोडणं. आणि तिजोरीत पैसा नाही ही सबब चालणार नाही. दोस्तहो, लक्षात घ्या. खटला लढला शेतमजुरांच्या संघटनेनं. डॉक्टरांच्या संघटनेनं नाही. म्हणून आम्ही म्हणतो, हा विषय आपला आहे.

दुसरे शहाणे म्हणतील, तुम्ही यंत्रांच्या मागे लागलात, खरं काम खेड्यात आहे. अर्धं बरोबर. विदर्भातच, गडचिरोलीत, अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली. नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि १९९९ साली ते लॅन्सेटमध्ये छापून जगापुढे आलं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी साध्या आरोग्य केंद्रात रात्र रात्र पोरांच्या उशाशी बसून विंचवाचं विष हृदयाला कसं मारतं ते शोधलं आणि रक्तदाबाच्या एका स्वस्त गोळीनं विंचवाचे मृत्यू कितीतरी पटींनी उतरवले. ही अतिदक्षताच आहे. खेड्यातली. टक लावून बघणारं माणूस होतं म्हणून झालेली. पण त्याचा अर्थ असा नाही की गरिबाला गोळी आणि श्रीमंताला व्हेंटिलेटर. आम्हांला दोन्ही पाहिजे. पोडावर शिकलेली बाई पाहिजे, आणि तिच्या हाताबाहेर गेलं की तासाभरात खाट पाहिजे. साखळीची एक कडी तुटली की सगळी साखळी लेकराच्या गळ्याचा फास होते.

आणि मायचं काय? आयसीयूच्या दाराबाहेर, फरशीवर, साडीच्या पदराचं उशाला करून बसलेली माय तुम्ही बघितली असेल. वॉचमन तिला हाकलतो. ओली बाळंतीण, टाके ओले, छातीत दूध दाटलेलं. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या इस्पितळांतला एक अभ्यास छापून आला. दिल्लीचं सफदरजंग त्यात होतं. कमी वजनाचं बाळ जन्मल्याबरोबर मायच्या उघड्या छातीला बिलगवून ठेवलं, मायची खाटच त्या कक्षात लावली, तर पेटीत ठेवलेल्या बाळांपेक्षा मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. काय निघालं? ज्या बाईला वॉचमन हाकलतो, तीच त्या दवाखान्यातलं सगळ्यांत चांगलं यंत्र. तिला वीज लागत नाही, शॉर्टसर्किट होत नाही. लागतं पोटभर जेवण आणि आत एक खाट. तेवढंही द्यायची यांची दानत नाही.

दोस्तहो, आपल्या चळवळीला मेलेल्या लेकरांचा हिशोब नवा नाही. बाबासाहेब आणि रमाईची पाच लेकरं. चार गेली. गंगाधर, रमेश, इंदू, आणि १९२६ साली राजरत्न. राहिला एकटा यशवंत. घटना लिहिणाऱ्या माणसाच्या घरातनं चार तिरड्या निघाल्या. भीमजयंतीला आपण डीजे लावतो, पण त्या चार लेकरांची याद किती जणांना येते? ज्या घटनेत जगण्याचा हक्क लिहिलाय, ती लिहिणाऱ्याच्या पाठीमागे ती चार लेकरं उभी होती, एवढं तरी विसरू नका.

आणि सावित्रीमाई. १८९७ चा प्लेग. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगानं फणफणलेलं पोर तिनं पाठीवर घेतलं आणि हडपसरजवळच्या डॉक्टर यशवंतच्या, आपल्या मुलाच्या, दवाखान्यात पोचवलं. रस्ता नव्हता, गाडी नव्हती, १०८ नंबर नव्हता. वय पासष्टच्या पुढे. त्याच रोगानं १० मार्चला माय गेली. आज सरकारी आरोग्य योजनेला जोतिबाचं नाव आहे. फोटोही असेल. पण आमच्या लेकराला पाठीवर घेऊन पळणारी व्यवस्था कुठाय?

मग करायचं काय? मोर्चा काढून निवेदन देऊन घरी यायचं? त्या निवेदनांवर आजवर किती वडे बांधले गेले ते कलेक्टर कचेरीबाहेरच्या टपरीवाल्याला विचारा.

आम्ही ठोस मागतो. एक, जिल्ह्याच्या दवाखान्याच्या दारावर रोज फळा लागला पाहिजे. लेकरांच्या आयसीयूत खाटा किती, भरलेल्या किती, चालू व्हेंटिलेटर किती, बंद किती, आज रात्री नर्स किती. मराठीत, ठळक. दोन, या कक्षातली सगळी पदं कायमची भरा, कंत्राट बंद. तीन, दर सहा महिन्यांनी आगीची आणि वायरिंगची तपासणी, आणि तिचा कागद भिंतीवर. चार, मायची खाट आत. पाच, उमरखेड-पुसद, वणी-झरी आणि पांढरकवडा या तिन्ही बाजूंना महिन्याभरापुढच्या आजारी लेकरालाही श्वास देता येईल अशी जागा, आणि रेफर करताना सोबत ऑक्सिजन, ऊब आणि शिकलेलं माणूस. लेकरू रस्त्यात थंडीनं आणि साखर उतरून मरतं, हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. सहा, लेकरू गेलं तर चौकशी वरून खाली करा. आधी खरेदीची फाईल, मग रिकामी पदं, मग सचिव, आणि सगळ्यांत शेवटी आशा.

आणि शहरातल्या पोरांनो, तुम्हांला वेगळं सांगतो. तुमच्यातले काही आता मेडिकलला आहेत, नर्सिंगला आहेत, वकिलीला आहेत. पांढरा कोट घातला की आडनाव सांगायला लाजणारेही आहेत, माहितीय. त्यांनी एवढं करावं. आठवड्याची एक रात्र आपल्या शहरातल्या सरकारी बालवॉर्डात काढावी. खेड्यातनं आलेल्या मायला केसपेपर कुठे काढायचा, फुले योजनेत नाव कसं घालायचं, पहिल्या वर्षातल्या आजारी बाळाचा उपचार, औषध, गाडी सरकारनं फुकट द्यायची आहे, हे सांगावं. कोणाला बाहेरनं औषध आणायला लावलं, किती वाजता रेफर केलं, किती वाजता खाट मिळाली, ते वहीत लिहावं. तारीख, वेळ, तास. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत टाकता येतो. असल्या शंभर वह्या जमल्या की कोर्टात जाता येतं. घोषणा हवेत विरते. वही राहते.

त्या दवाखान्यातला बाप आम्ही विसरू शकत नाही. पिशवी दाबता दाबता त्याचा डोळा लागत होता आणि तो स्वतःच्या थोबाडीत मारून जागा होत होता. पोरगं जगलं. आता घरी आहे. बापाचे हात महिनाभर थरथरत होते, कामावर विटा हातातनं निसटायच्या, मुकादमानं रोज कापला. त्याचा हिशोब कुठल्या योजनेत बसतो?

आम्हांला दया नको. आम्हांला ती पिशवी बापाच्या हातातनं काढून पगारी, शिकलेल्या, जाग्या माणसाच्या हातात द्यायची आहे. तोवर झोपायचं नाही. तो थांबला असता तर लेकरू थांबलं असतं. आपण थांबलो तर किती थांबतील, मोजा.

जय भीम.